कोळशाची खिडकी

दोरवाल्याच्या घरातली गरिबी गेल्याचं ज्या दिवशी कळलं, तो मंगळवार होता, आणि दोरवाला नेहमीसारखा उलटा चालत होता.

दोर वळणाऱ्याचं पुढे चालून भागत नाही. एका टोकाला चाक फिरवणारं माणूस लागतं. दुसऱ्याने कमरेला वाखाचा भारा बांधायचा, चाकाकडे तोंड करायचं आणि बोटांतून वाख सोडत एकेक पाऊल मागे जायचं. जितकं मागे जाल तितका दोर लांब. दोरवाल्याच्या घराची सगळी प्रगती अशी उलट्या पावलांनी झाली होती. बावीस वर्षं चाक त्याच्या बायकोने फिरवलं. तिला जाऊन सात महिने झाले होते, आणि आता मंगळवारी, औषधाच्या दुकानातल्या नोकरीला सुट्टी असली की, लेक फिरवायची.

पोस्टमन पत्र देऊन गेला. लेकीने चाक थांबवून ते मोठ्याने वाचलं.

‘कळविण्यात येते की, आपल्या कुटुंबातील दारिद्र्य खाली नमूद केलेल्या दिनांकास संपुष्टात आले असून त्या दिवसापासून सदर कुटुंब निर्गत समजण्यात येत आहे. याबद्दल आपले अभिनंदन. औषधोपचाराचे कार्ड सात दिवसांत कार्यालयात जमा करावे.’

“दिनांक काय दिलाय?” दोरवाल्याने विचारलं.

लेकीने वाचला. मग पत्र जरा लांब धरून पुन्हा वाचला. “आई गेली तो दिवस आहे, बाबा.”

दोरवाला दुसऱ्या दिवशी दारिद्र्यमोजणी कार्यालयात गेला. भांडायला नाही. गरिबी गेल्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. ती काही नात्यातली नव्हती. दोघी एकाच दिवशी कशा गेल्या, एवढंच त्याला विचारायचं होतं.

कार्यालयात एक कारकून होता आणि एक टेबल होतं. टेबलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली मागच्या मोजणीचे अर्ज घातले होते. कारकुनाने दोरवाल्याची फाइल काढली आणि शिकवणीत समजावतात तसं समजावलं. गरिबीतून बाहेर पडायच्या एकूण तेरा पायऱ्या. नऊ चढल्या की घर बाहेर. दोरवाल्याचं घर कित्येक वर्षं आठव्या पायरीवर बसून होतं.

“अडलं होतं कुठे? माणशी एक खोली, ही पायरी तुम्हाला जमत नव्हती,” कारकून म्हणाला. “खोल्या दोन, माणसं तीन. मग बाई गेल्या. आता खोल्या दोन, माणसं दोन. बसलं की नाही?”

“बसलं,” दोरवाला म्हणाला.

“दुःख आहेच. पण नियमात आहे.” कारकुनाने कार्डासाठी हात पुढे केला. “हे कुणासाठी काढलं होतं?”

“तिच्या छातीसाठी.”

“मग आता तसंही लागणार नाही. दोन्ही बाजूंनी सोयीचं झालं.”

कार्ड देऊन दोरवाला बाहेर आला. रस्त्यात ओळखीच्या दोघातिघांनी त्याचं अभिनंदन केलं, कारण बातमी त्याच्या आधी गावात पोहोचली होती. त्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. आता खिडकी बसवायला हरकत नव्हती.

या खिडकीचं असं होतं. दोरवाल्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा घराला दाराऐवजी पोतं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने चुलीतला कोळसा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दार काढलं. वर्षाने खरं दार आलं. तिने चित्रावर फुली मारली आणि शेजारी दुसरं चित्र काढलं: दगडी फरशी, वाख ओलसर होऊ नये म्हणून. फरशी झाली, फुली पडली, पत्रे आले. पत्र्यांनंतर लोखंडी आसाचं चाक, मग लेकीचं दप्तर. दप्तराच्या चित्रावर फुली मारायला अकरा वर्षं लागली, कारण शाळा अकरा वर्षं चालली. मग दुसरी खोली. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती हाती येण्याआधी पुढचीचं चित्र तयार. दोरवाला गमतीने म्हणायचा, आपल्या घरात मालक मी, पण भिंत म्हणेल ते खरं.

खिडकी तिने चौथ्या वर्षीच काढली होती, चुलीच्या वर, आपल्या खांद्याच्या उंचीवर, दोन हात रुंद. बाकीची चित्रं तळहाताएवढी; खिडकी मात्र खऱ्या मापाची, जिथे हवी त्याच जागी. स्वयंपाकघरातून धूर जायला वाटच नव्हती. पण दर वेळी काहीतरी रांग मोडून पुढे घुसायचं, आणि खिडकी मागे राहायची.

शेवटी तिची पाळी आली त्याच वर्षी मोजणीबाई आल्या. बाई मनाने सरळ. त्यांनी कोळशाची चौकट पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “काकू, धूर जायची वाट ही एक पायरी आहे. तुमच्या आठ झाल्यात. खिडकी बसवलीत तर नऊ होतील आणि कार्ड जाईल. औषध चालू आहे ना तुमचं?”

औषध खोकल्याचं होतं. खोकला धुराचा होता.

दोरवाल्याची बायको हसत सुटली आणि हसता हसता खोकली. “म्हणजे खिडकी नाही म्हणून खोकला, आणि खोकला आहे म्हणून खिडकी नाही. कुणी बसवलं हो हे डोकं लावून?”

“वरून आलंय,” मोजणीबाई म्हणाल्या.

पुढच्या मोजणीनंतर बघू, असं ठरलं. मोजणी झाली की दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावतो, असा शब्द दोरवाल्याने दिला. मोजणी झाली, पण तोवर ती नव्हती. शब्द होता.

गवंडी त्याचा लहानपणचा दोस्त. तो गुरुवारी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन आला. जुन्या लाकडाची चौकट दोरवाल्याने आधीच आणून अंगणात उभी केली होती. गवंड्याने ती भिंतीवरच्या चित्राला लावून पाहिली. बोटभरही फरक नव्हता.

“वहिनींनी माझं अर्धं काम करून ठेवलंय,” तो म्हणाला. “आयुष्यभर तुझ्या हाताखाली वाया गेल्या. माझ्याकडे असत्या तर एव्हाना मिस्त्री झाल्या असत्या.”

“तुझ्याकडे असती तर तुला मजूर केलं असतं तिने,” दोरवाला म्हणाला.

गवंड्याने छिन्नी कोपऱ्यावर टेकवली आणि हातोडा उचलला. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

गाडीतून मोठे साहेब उतरले, मागून मोजणीबाई. साहेबांची अडचण वेगळीच होती. निर्गमनाच्या अर्जात ‘कारण’ असा रकाना असतो. मोजणीबाईंनी त्यात खरं ते लिहिलं होतं: घरातील बाईचे निधन. वरच्या कार्यालयाने अर्ज शेरा मारून परत पाठवला. ‘सदर कारण मान्य केल्यास ते उपाययोजनांत समाविष्ट करावे लागेल, व ते आजवरच्या सर्व उपायांत स्वस्त ठरेल. कृपया दुसरे कारण शोधावे.’

साहेब दुसरं कारण शोधायला आले होते. त्यांच्याजवळ यादी होती. कुक्कुट विभागाचं म्हणणं होतं की या घराला सहा पिल्लं देण्यात आली होती.

“चार वाटेतच मेली,” दोरवाला म्हणाला. “दोन मांजराने नेली.”

“मांजर कुणाचं?”

“आमचंच.”

“म्हणजे लाभ घरातच राहिला,” साहेब म्हणाले आणि बरोबरची खूण केली. मग प्रशिक्षण विभागाने दोर वळणाऱ्यांना मेणबत्त्या करायला तीन दिवस शिकवलं होतं, ते निघालं. मेणबत्तीत वातीला दोर लागतो, असा त्यामागचा विचार होता. साहेबांना तेही फारसं पटलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, आणि पाण्यामागोमाग ते स्वयंपाकघरात आले.

भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. दार, फरशी, पत्रे, चाक, दप्तर, खोली. सगळ्यांवर फुल्या. चुलीवर एक मोठी चौकट, फुली नसलेली.

“हे काय आहे?”

“खिडकी आहे,” दोरवाला म्हणाला. “म्हणजे, आत्ता व्हायची आहे. बावीस वर्षांतली एवढीच राहिलीय. हा थांबलाय.”

गवंड्याने हातोडा दाखवला.

“अहो, हा बावीस वर्षांचा आराखडा आहे,” साहेब म्हणाले. “आम्हाला पाच वर्षांचा जमत नाही. कुणी केला?”

“बायकोने.”

“शिक्षण किती होतं त्यांचं?”

“कोळशापुरतं.”

“आमच्या कार्यालयाने मार्गदर्शन केलंच असेल.”

दोरवाल्याने आठवून पाहिलं. “एकदा केलं होतं. खिडकी बसवू नका म्हणून.”

साहेबांनी लिहून घेतलं: कार्यालयाकडून वेळोवेळी मार्गदर्शन. मग गवंड्याकडे वळून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, जसं झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसं, “तो हातोडा जरा खाली ठेवता का?”

दुसऱ्या दिवशी भिंतीवरची चित्रं जपायला काच आली. गवंड्याची छिन्नी भिंतीशी पडली होती ती काच बसवणाऱ्यांनी तिथेच राहू दिली, आणि काचेच्या आत ती मूळ वस्तू म्हणून जपली गेली. गवंड्याला ती परत मागायची होती, पण त्याच्याकडे पावती नव्हती.

काचेपाठोपाठ बाकीचं आपोआप आलं. बाहेर फलक लागला: ‘आदर्श निर्गत कुटुंब’. त्यावर कुक्कुट विभागाचं नाव होतं, प्रशिक्षण विभागाचं होतं, आराखडा ‘कुटुंबातील एका सदस्याने’ तयार केल्याचंही होतं. लोक बघायला येऊ लागले. धुराने चित्रं काळवंडतील म्हणून चूल अंगणात गेली. गाड्या लावायला जागा हवी म्हणून दोर वळायची पट्टी घेतली. ती नव्वद पावलं लांब होती. आता दोरवाल्याला चार पावलं उरली. पाहुण्यांनी फोटो मागितला की तो तेवढी चार पावलं उलटा चालून दाखवायचा. काचेसमोर कुणी फार जवळ जाऊ नये म्हणून दोर बांधला होता. तो प्लॅस्टिकचा होता, शहरातून आणलेला.

पहिल्या दिवशी दोरवाल्याने तो बोटांत धरून पाहिला. “पीळ नाही याला,” तो म्हणाला.

“पर्यटकांना चालतो,” साहेब म्हणाले.

वर्षाच्या शेवटी पुन्हा मोजणी आली आणि एक पेच पडला. चूल बाहेर गेल्यामुळे घराला स्वयंपाकघर उरलं नव्हतं. ती एक पायरी गेली. नवातून एक वजा, आठ. आदर्श निर्गत कुटुंब पुन्हा गरिबीत आलं होतं. मोजणीबाईंनी तसं सांगितलं तेव्हा साहेबांच्या कपाळावर घाम आला, कारण पुढच्याच आठवड्यात बाहेरदेशीचे पाहुणे यायचे होते.

साहेब काचेसमोर येरझाऱ्या घालू लागले, आणि अचानक थांबले. “बाई, धूर जायची वाट या रकान्यात काय लिहिलंय तुम्ही?”

“नाही, असं.”

“आणि ही कोण?” त्यांनी चुलीच्या जागेवरच्या कोळशाच्या चौकटीकडे बोट केलं.

“साहेब, त्यातून धूर जात नाही.”

“आत धूर आहे का?”

मोजणीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. चूल बाहेर होती. आत धुराचा मागमूस नव्हता.

“मग गेला ना,” साहेब म्हणाले. बाईंनी मान खाली घालून ‘आहे’ लिहिलं. घर नवव्या पायरीवर परत आलं.

इथून पुढे जे झालं त्याला साहेबांची प्रतिभा म्हणावं लागेल. दोरवाल्याच्या घरात जे लागू पडलं ते गावाला का लागू पडू नये, असा त्यांनी विचार केला. कोळसा-आराखडा अभियान सुरू झालं. घरटी पाव किलो कोळसा वाटला गेला. ज्यांच्या भिंती आधीच काळ्या होत्या त्यांना खडू मिळाला. पहिले दोन दिवस लोक लाजले. मग कुणी दार काढलं, कुणी पंखा काढला, एकाने घरावर दुसरा मजला काढला आणि मग जिना राहिला म्हणून बायकोची बोलणी खाल्ली. एका म्हातारीने खुर्चीत बसलेला आपला नवरा काढला. तो कधीचाच वारला होता. मोजणीत ‘खुर्ची: एक’ अशी नोंद झाली, नवरा धरला नाही, कारण त्याने माणशी खोलीचं प्रमाण बिघडलं असतं.

गवंड्याचं काम बंद पडलं, पण तो खचला नाही. त्याने थापी ठेवून दिली आणि लोकांच्या घरी खिडक्या काढून द्यायला लागला. “पूर्वी एका खिडकीला दोन दिवस लागायचे,” तो दोरवाल्याला सांगायचा. “आता दिवसाला नऊ होतात. आणि पावसात गळते म्हणून कुणाची तक्रार नाही.”

सहा महिन्यांत अख्खं गाव गरिबीतून बाहेर पडलं. बसल्या जागेवरून कुणी हललं नाही.

दोरवाला मात्र खिडकीचं विसरला नव्हता. लोक निघून गेले की तो काचेसमोर उभा राहायचा. चौकटीची खालची रेघ एका जागी जरा थरथरली होती. रेघ काढताना बायको खोकली होती, त्याला आठवत होतं. त्याने लेकीकडून अर्ज लिहून घेतला: माझ्या स्वयंपाकघराला खिडकी बसवायची परवानगी मिळावी, काच काढावी, चूल आत घेऊ द्यावी.

उत्तर पंधरा दिवसांत आलं. एवढ्या लवकर कार्यालयातून कधी काही आलं नव्हतं. लेकीने वाचलं. ‘अर्जदाराच्या स्वयंपाकघरास खिडकी असल्याचे नोंदीवरून दिसून येते. असलेली खिडकी पुन्हा बसवता येत नाही. अर्ज निकाली.’

“सरळ फोडून टाकू, बाबा,” लेक म्हणाली. ती आईवर गेली होती.

गवंडी म्हणाला, “फोडायला काय, मी आत्ता फोडतो. पण ही खिडकी गेली की नोंदीतली पायरी गेली. मग तू गरीब. मग ते म्हणणार, गरिबाला परवानगीशिवाय घरात बदल करता येत नाही. आणि तोवर खिडकीचं चित्रही गेलेलं.”

“मागच्या भिंतीला पाडू या का?”

“मागे शेजाऱ्याचं घर आहे. धूर त्याच्याकडे जाईल आणि तो आठव्या पायरीवर येईल.”

तिघेही अंगणातल्या चुलीभोवती बसले. वारा फिरला तसे तिघेही एका बाजूला सरकले.

बाहेरदेशीचे पाहुणे दुसऱ्यांदा आले त्या दिवशी समारंभ झाला. साहेब बोलले, कुक्कुट विभाग बोलला. मग कुणीतरी म्हणालं की खुद्द कुटुंबप्रमुखाने दोन शब्द सांगावेत. दोरवाल्याला पुढे ढकललं. समोर माणसं बसली होती, नीटनेटकी, हातात वह्या घेतलेली, चेहऱ्यावर माया असलेली.

“माझं एवढंच आहे,” दोरवाला म्हणाला. “हे सगळं तिने केलं. तिला एक खिडकी हवी होती. ती असताना झाली नाही. आता तरी ही भिंत फोडायला परवानगी द्या.”

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. साहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन समजावून सांगितलं की आपल्या सर्वांच्या मनात एक भिंत असते आणि ती फोडून विचारांची खिडकी उघडायची, असा यांचा संदेश आहे. दोरवाला म्हणाला, मनातली नाही, ही, चुलीवरची. पण तोवर ध्वनिक्षेपक हातातून गेला होता. पुढच्या आठवड्यात ते वाक्य फलकावर लागलं.

अभिप्रायाची वही भरली की लेक ती बाबांना वाचून दाखवते. वहीत फार वेगळं काही नसतं. ‘रेघांत काय जिवंतपणा आहे.’ ‘साधी माणसं, केवढी दृष्टी.’ आणि सगळ्यांत जास्त वेळा, कधी कधी एका पानावर चार-चारदा: ‘डोळे भरून आले.’

“तिचेही यायचे,” दोरवाला म्हणतो. “बावीस वर्षं, रोज दोन वेळा, त्याच जागी उभं राहून. तेव्हा वही नव्हती.”

आपणही येऊन गेला असाल. नसलात, तर आता इथवर आलाच आहात, म्हणजे काचेसमोर उभे आहात. काचेत पाहिलंत तर कोपऱ्यात छिन्नी दिसेल. आजवर हजारभर लोकांनी ती पाहिली, कितीतरींनी तिचा फोटो काढला. हातोडा कुठे आहे, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. तो दाराशेजारी आहे, जिथे आपण जोडे काढले तिथेच.

लाकडाची चौकट अंगणात चुलीमागे उभी आहे. दोन पावसाळे तिने खाल्ले, पण अजून सरळ आहे. खिडकी बसवायची राहिली आहे.